तवा त्याची माय कुठं व्हती?

"पांढरी गाडी व्हती. पांढरीच. काया काचाची."

शांताकाकूंनी कुपाटीवर दोन्ही कोपरं टेकली म्हणजे समजायचं, भाजी करपली तरी चालेल पण बातमी पुरी झाल्याशिवाय त्या चुलीकडे वळणार नाहीत. आमच्या आणि त्यांच्या अंगणामध्ये तुराट्यांची कुपाटी आहे, छातीइतकी. किन्हीराजातल्या निम्म्या बातम्या फाट्यावर तयार होतात आणि उरलेल्या या कुपाटीवर.

सकाळी ही बातमी निघाली तेव्हा गाडीत एकच माणूस होता आणि त्यानं शाळेत जाणाऱ्या पोराला गाडी थांबवून काहीतरी विचारलं होतं, एवढंच. दुपारी राशन दुकानापाशी माणसं दोन झाली आणि पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा आला. चारच्या सुमाराला ती काकूंपर्यंत पोचली तेव्हा गाडीत तिघं होते.

"अन् एक बाई व्हती म्हने साडीतली. तिले मिशा व्हत्या."

"मिशा पायल्या कोनं, काकू?"

"पायनाऱ्यानं पायल्या. मी कायले पाहू वं माय, मी तं सोयाबीन सोंगाले गेलती."

तोवर मोबाईलवरही ती आली होती. गावच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेल्या चार चित्रांसकट: 'सावधान, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात, हा मेसेज प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोचवा.' सोबत एका रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ. ती कुठल्या राज्यातली, कुठली भाषा बोलते, काहीच कळत नव्हतं. पण रडणं कळत होतं, आणि पुढं ढकलायला तेवढं पुरतं. काकूंना वाचता येत नाही. त्यांना तो मेसेज त्यांच्या नातवानंच वाचून दाखवला होता. तिसरीतला पोरगा, स्वतःच्याच चोरीची सूचना घडाघडा वाचत होता.

मागच्या गल्लीतले जमादार तांब्या घेऊन निघाले होते, ते थांबले. पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात काहीही झालं की जऊळक्याच्या ठाण्याला पहिला फोन त्यांचाच जातो. ते म्हणाले, "म्या इचारलं. पीकविम्याचा पोरगा व्हता तो. सर्व्हेले आलता. गट नंबर सापडेना म्हनून लेकराले सरपंचाचं घर इचारलं त्यानं."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पीकविम्याचा मानूस सोता होऊन गावात आला? हे तं मिशावाल्या बाईपक्षा खोटं वाटते."

जमादार हसत निघून गेले. पण मला लक्षात राहिलं ते पुढचं. उलगडा झाला, गाडी कुणाची ते कळलं, तरी काकूंनी नातवाला त्या संध्याकाळी अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. म्हणाल्या, "हा विम्याचा व्हता तं व्हता. उद्या दुसरा आला तं?"

बातमी खोटी ठरल्यानं भीती खोटी ठरत नाही. ती तशीच राहते, बाजूच्या खुंटीला टांगून, पुढच्या गाडीची वाट पाहत.

मी काकूंना विचारलं, तुमच्या सासूबाईंना असं भ्याव वाटायचं का? काकूंनी बोटं मोडून हिशेब सांगितला. सासूला नऊ झाले, पाच राहिले. एक गोवरानं गेला, एक हगवणीनं, दोघांचं कुणाला काही कळलंच नाही. "बुढीले चोराचं भेव नव्हतं बाप्पा. तिले देवीचं भेव व्हतं. गावात देवी आली म्हनलं का दाराले लिंबाचा डगळा बांधे." देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. त्यानंतर ती भीती गेली, गोवराची लस आली, अंगणवाडीत वजनं होऊ लागली. पोरं जगायला लागली आणि दोनांवरच थांबायची रीत पडली. नवातलं एक आणि दोनातलं एक यांचं मोल आईला वेगळं नसतं, पण दोनातलं एक गेलं तर अर्धं घर जातं. रोगाची जागा रिकामी झाली तिथं मग माणूस येऊन बसला, अनोळखी माणूस.

अर्थात काकूंच्या भीतीला पाया नाही असं म्हणायची माझी छाती नाही. त्यांचं माहेर जिंतुराकडचं. परकर नेसायच्या त्या वयात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला खून पडत होते. १९७२ ते ७४ चा काळ, वर दुष्काळ. मानवतच्या शिवारात पोरींची, बायकांची प्रेतं सापडू लागली. पिंपळाखालचं गुप्तधन मिळावं म्हणून बळी दिले जात असल्याचं पुढं तपासात आलं. मुंबईहून रमाकांत कुळकर्णी नावाचे मोठे अधिकारी येऊन बसले तेव्हा कुठं धागा लागला. दोनेक वर्षांपूर्वी त्याची मालिकाही आली, आमच्या पोरांनी मोबाईलवर पाहिली.

"आमच्या गावात दिवस बुडाला का दारं लागत," काकू सांगतात. "माय दुष्कायी कामावर खडी फोडाले जाये अन् आमाले घरात कोंडून जाये, कडी घालून. तहान लागली तरी बाहीर नाई. अन् मानवतवरून आला कोनी, म्हनलं का लोकं त्याच्या पिशवीकडं पाहेत."

"अन् मंग धरले कोन, काकू?"

"धरले तं गावातलेच."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की त्यांनाही त्यात काही वाटलं नसावं. सगळा मुलूख परगावच्या पिशव्या तपासत होता आणि पोलिसांनी धरलेले लोक त्याच गावात राहणारे, पाणी भरणारे, बाजाराला जाणारे.

म्हणून काय अनोळखी माणूस कधी पोर उचलतच नाही? उचलतो. मी लहान असताना, १९९६ च्या शेवटी, कोल्हापूरकडच्या त्या मायलेकींची बातमी पेपरात रोज यायची. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन पोरी, रेणुका नि सीमा. गर्दीत पाकीट मारायचं आणि पकडलं तर कडेवरचं लेकरू पुढं करायचं, म्हणून त्या लेकरं पळवत. १९९० ते ९६ या सहा वर्षांत त्यांनी कितीतरी उचलली, काहींना मारून टाकलं. अंजनाबाई तुरुंगातच मेली, बहिणींना फाशीची शिक्षा झाली आणि दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिल्यामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. शहाण्णवात माझी आई पेपर वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची: "बाया व्हत्या वं. बाया." तोवर गर्दीत लेकरू रडलं तर ते शेजारच्या बाईकडं द्यायची पद्धत होती. एस.टी.त जागा नसली तर खिडकीतून पोर आत द्यायचं, कुणाच्याही मांडीवर, आणि मग आपण दारातून चढायचं. ते मला आठवतं. माझ्या पोरांना मी कधी असं खिडकीतून दिलेलं नाही.

अशी प्रकरणं फार थोडी असतात. पण ती थोडी असतात म्हणूनच पेपरात येतात आणि पंचवीस-पंचवीस वर्षं टिकतात. रोजचं काही बातमी होत नाही. आमच्या गावाला चिकटून नागपूर-संभाजीनगरचा रस्ता जातो. समृद्धी झाली तरी या रस्त्यावरची वर्दळ काही पुरती आटली नाही, आणि पोरं तो रस्ता ओलांडून ये-जा करतात. शिवारात शेततळी झाली, प्लास्टिक अंथरलेली, एकदा पाय घसरला की वर यायला काही धरायला नाही. सोयाबीनच्या गंजीत साप असतात, घरात तुरीवर मारायच्या औषधाचा डबा पोराच्या हाताला लागेल असा कोनाड्यात असतो. शेततळ्याला जाळी लावा असा मेसेज हात जोडलेल्या चित्रांसकट मला आजवर आलेला नाही.

हे मी काकूंना म्हटलं. मला वाटलं, आता बरोबर बोट ठेवलं. काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तिसरीत आहे.

"गाडीखाली आलं लेकरू तं लोकं काय म्हनतात? नशीब म्हनतात. देवानं नेलं म्हनतात. अन् चोरून नेलं तं काय म्हनतात?" त्या थांबल्या. "तवा त्याची माय कुठं व्हती, म्हनतात."

एवढ्या वर्षांत भीतीवर मी जे काही ऐकलं, वाचलं, त्यात याहून खरं मला काही सापडलेलं नाही. काकू सोयाबीन सोंगायला गेल्या होत्या. त्यांची सूनही गेली होती. मजुरी सोडून घरी बसणं परवडत नाही, आणि घरी नसताना काही झालं तर ते कधी माफ होत नाही. चोर पोराला नेईल ही भीती आहेच. पण नंतर दारात सारं गाव जमेल आणि कुणीतरी तो प्रश्न विचारील, हीही आहे. बापाला तो कुणी विचारत नाही. मी तरी कधी ऐकला नाही. म्हणून तर गाडीची बातमी आली की बाप म्हणतो 'अफवा असंन' आणि माय पोराला घरात घेते.

माझी नणंद पुण्यात हिंजवडीकडं राहते. तिच्या इमारतीला दोन गेटं, चार वॉचमन, कुणी आलं तर मोबाईलवर परवानगी द्यावी लागते, आणि तिच्या लेकाच्या मनगटात घड्याळ आहे ते पोरगा कुठं आहे ते दाखवत राहतं. तरी ती त्याला लिफ्टनं एकटा खाली सोडत नाही. दिवाळीला आली की म्हणते, वहिनी, तुमचं गाव बरं, सगळे ओळखीचे. मी काही बोलत नाही. सगळे ओळखीचे, हे खरं आहे. त्यावर पुढं येतेच मी.

त्याआधी नाथजोग्यांचं. सुगी झाली की आमच्याकडं मागणारे येतात. बहुरूपी येतो, जोशी येतो, डमरू घेऊन गोसावी येतात. काकू त्यांना पायलीभर दाणे घालायच्या. आता त्या आधी दाराला कडी लावतात आणि मग खिडकीतून विचारतात, कुठले रे तुम्ही?

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे पाच जण भिक्षा मागायला तिथं उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पिढ्यानपिढ्या हेच करत फिरणारे. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय हा मेसेज आधीच सगळ्यांच्या खिशात होता. बाजारातली माणसं जमली, त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं काठ्या-दगडांनी मारलं. पाचही मेले. मारताना लोक मोबाईलवर व्हिडिओ काढत होते.

त्याच सुमाराला देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. पाहिलं की पोटात गोळा यायचा. तो कराचीचा होता. मुलांवर लक्ष ठेवा हे सांगायला तिथल्या एका संस्थेनं तयार केलेला. मूळ फितीत ते दोघे परत येतात, पोर खाली ठेवतात आणि फलक दाखवतात. शेवटचा तो भाग कुणीतरी कापून टाकला होता. पोर परत आल्याचं तेवढं कापलं, बाकी सगळं ठेवलं.

राईनपाड्याच्या पाठोपाठ टीव्हीवर पट्टी आली की मालेगावातही पोरं चोरल्याच्या संशयावरून एका कुटुंबाला जमावानं घेरलं. ते नाशिकचं मालेगाव. पोलीस आणि काही स्थानिक लोक मध्ये पडले म्हणून ती माणसं वाचली, त्यांच्यासोबत दोन वर्षांचं लेकरू होतं. पण आमचा तालुकाही मालेगावच. काकूंनी पट्टी ऐकली आणि तालुक्याला बाजाराला गेलेल्या लेकाला फोन लावला, "हाय तसा वापस ये." कोणतं मालेगाव हे विचारायला सवड कुणाला होती?

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्या देशापुरता एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल असा नियम केला. त्यानं काही फरक पडला असेलही. पण १६ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत, पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा गाडीवाला मारले गेले, त्या भागातही चोरांच्या नि पोरं नेणाऱ्यांच्या अफवा होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंग्याला मथुरेच्या चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला. पंढरपूरला निघाले होते बिचारे. त्यांना पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं, जीव वाचला. पीकविम्याच्या पोरानं तरी काय केलं होतं? पोराला पत्ताच विचारला होता.

मी राईनपाड्याचं सांगितलं तेव्हा काकू बराच वेळ तुराट्या चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "त्याइचेबी लेकरं असतीन घरी."

"व्हते."

"मंग त्या लेकराच्या मायनं कोनाले इचारावं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आल्या, हातात वजनाचं रजिस्टर, आणि कुपाटीच्या तिसऱ्या बाजूनं गप्पांत उतरल्या. त्या बोलायला तिखट आहेत. आल्या आल्या म्हणाल्या, "पांढऱ्या गाडीचं चाललं का? गाडीवर डोये ठेवा तुमी. ओसरीवरच्या मानसाकडं पाहू नका."

त्यांना प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं पाठ आहे. केंद्र सरकारनं २००७ साली एक मोठा अभ्यास छापला, तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर पोरांशी बोलून. शंभरातल्या त्रेपन्न पोरांनी सांगितलं होतं की आपल्याला कोणत्या ना कोणत्या तऱ्हेचा लैंगिक त्रास झालाय. त्यात मुलगे होते नि मुलीही. त्रास देणारे निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले. आणि लहान मुलींवरच्या बलात्काराचे जे गुन्हे पोलिसांत नोंद होतात, त्यांत तर दर वर्षी शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी मुलीच्या ओळखीचे निघतात. शेजारी, नात्यातला, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा.

"म्हंजे मिशावाली बाई नाई," ताई म्हणाल्या.

काकूंनी पदर तोंडाला लावला. हे असं अंगणात बोलायचं नसतं. गाडीचं बोलायला कुणाची आडकाठी नाही, गाडी कुणाच्या घरची नसते. कुणाच्या काकाचं, भाच्याचं, भाडेकरूचं नाव घेतलं की कुपाटीच पेटते. त्यामुळं आम्ही सगळ्या मिळून परक्या माणसाची भीती मोठ्यानं बोलतो आणि घरच्याची गिळतो. पोरं आमच्याकडूनच शिकतात की कोणती गोष्ट आईला सांगायची आणि कोणती नाही.

२०२४ च्या ऑगस्टात बदलापूरला बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर शाळेतल्याच सफाई कामगारानं अत्याचार केल्याचं उघड झालं. आईबाप पोलीस ठाण्यात तासनतास ताटकळले, मग २० तारखेला लोकांनी रेल्वे अडवली. सप्टेंबरात तो आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला. त्यानंतर शाळाशाळांत कॅमेरे लावा, तक्रारपेटी लावा, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावरून जमिनीवर आणा, असे आदेश निघाले. ही समिती २०२२ सालापासूनच असायला हवी होती. ताई म्हणतात, "कॅमेरा लागला तो फाटकावर. बाहीरून कोन येते ते दिसते त्यात." २०१२ चा पोक्सो कायदा असं सांगतो की मुलाबाबत असं काही झाल्याचं ज्याला ठाऊक आहे आणि जो कळवत नाही, तोही शिक्षेला पात्र. हे ऐकून काकू म्हणाल्या, "मंग अर्ध गाव आत जाईन."

जमादार परतताना पुन्हा थांबले, कारण बायका तीन जमल्या की गावात काहीतरी आहे असं त्यांचं निवृत्तीनंतरचं निदान आहे. त्यांना वाटलं अजून गाडीच चालू आहे. म्हणून त्यांनी पेपरातल्या आकड्यांचं आपलं गणित सांगितलं. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला की अठराच्या आतलं पोर हरवल्याची तक्रार आली की अपहरण समजूनच गुन्हा नोंदवायचा. तेव्हापासून सगळं तीनशे त्रेसष्टात. आता कायदा बदलला, कलम एकशे सदतीस झालं, पण त्यांच्या तोंडात तीनशे त्रेसष्टच आहे. "आईशी भांडून मामाकडं गेलं, तीनशे त्रेसष्ट. धाव्वीत नापास झालं अन् रेल्वेत बसलं, तीनशे त्रेसष्ट. सतरा वर्साची पोट्टी आवडल्या पोट्ट्यासंगं गेली, तेबी तेच. पेपरवाला छापते, जिल्ह्यात इतक्या मुलींचं अपहरण. वाचनारी माय पोरीची शाया बंद करते."

हुकूम वाईट नव्हता. आधी पोलीस 'येईल दोन दिवसांत' म्हणून आईबापांना परत पाठवायचे, आणि जी पोरं खरंच विकली गेली त्यांचाही माग लागायचा नाही. पण आकडा वाढला नि त्याच्या पोटात काय आहे ते कुणी सांगितलं नाही.

आणि ही भीती पोरगा-पोरगी सारखी नाही. मुलग्याबाबत भ्याव असतं ते आठ-दहा वर्षांचा होईस्तोवर. पुढं तो शेतात गेला, फाट्यावर बसला, रात्री दहाला आला, 'पोट्टं हाय' म्हणायचं. ताईंनी सांगितलेल्या त्रेपन्नांत मुलगे होते याचा कुणाला पत्ता नाही. मुलीच्या बाबतीत भ्याव वयाबरोबर वाढतं आणि त्याचा रंगही बदलतो. तिला कुणी नेईल, यात हळूच तीच कुणाबरोबर जाईल हे मिसळतं. मग दोन्हींवर एकच औषध निघतं. आठवी-दहावीनंतर घरी बसवायची आणि स्थळ पाहायचं. सरकारी पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायांमध्ये शंभरातल्या जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. विचारा त्यांच्या आयांना. हुंडा, गरिबी हे सांगतीलच, पण पहिलं उत्तर येईल, "जमाना खराब हाय बाई."

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एस.ट्या आल्या सव्वाशे मागास तालुक्यांत, खास मुलींसाठी, बारावीपर्यंत फुकट. माझ्या मते पोरींच्या सुरक्षिततेसाठी या राज्यात झालेल्या दहा भाषणांपेक्षा त्या एका गाडीनं जास्त केलं. गाडीत सगळ्या पोरीच, ठरलेला ड्रायव्हर, ठरलेली वेळ. आईला 'कुठं व्हती' विचारलं तर सांगायला उत्तर असतं. गाडी वेळेवर आली नाही तर मात्र सगळं उत्तर फाट्यावर उभं राहतं, अंधार पडेस्तोवर.

माझी पोरगी यंदा दहावीला. गणितात बरी आहे, तिला वाशिमला अकरावी करायची आहे सायन्सला. घरात बोलणं चाललंय. तिचे बाबा म्हणतात, माझा मावसभाऊ आहे वाशिमला, घर मोठं आहे, घरचीच माणसं, तिथं राहील. होस्टेलमध्ये कुठल्या कुठल्या पोरी, रात्री-बेरात्री कोण पाहणार? मलाही तेच पटत आलं होतं. जमादार गेले, ताई रजिस्टर घेऊन पुढच्या घरी गेल्या, तेव्हा मी हे काकूंना सांगितलं.

काकू म्हणाल्या, "होस्टेलले ठेव."

"काऊन? मावसभाऊ चांगले हायेत वं काकू. बायको चांगली हाय."

"असतीन. होस्टेलले ठेव."

"कोनी काई बोललं का त्याइच्याबद्दल?"

"त्याइच्याबद्दल नाई." त्यांनी कुपाटीतून निसटलेली एक तुराटी परत आत खोचली. "माह्या मोठीले म्या बारावीले तिच्या मामाकडं ठेवलं व्हतं. सख्खा भाऊ माहा. साहा महिन्यात वापस आली, याद हाय का तुले?"

मला आठवत होतं. मी नवी नवरी होते तेव्हा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की तिथलं पाणी तिला मानवलं नाही, अंगावर पित्त उठायचं.

"पानी चांगलं व्हतं तिथलं," काकू म्हणाल्या. "तिनं आल्या आल्या मले सांगतलं. म्या म्हनलं, चूप बस. कोनी इचारलं तं पानी सांग. लगन केलं तिचं त्याच वर्सी."

आत त्यांच्या नातवानं टीव्ही लावला. मी कुपाटीच्या अलीकडं तशीच उभी राहिले. काय बोलावं ते सुचेना, आणि त्यांनाही माझ्याकडून काही नको होतं बहुतेक. त्यांनी परत कोपरं टेकली.

"समाजकल्याणचं हाय ना पोरीचं होस्टेल वाशिमले? का दुसरं कोनतं?"

"हाय. मार्क पाहतात, अन् उत्पन्नाचा दाखला लागते."

"मंग दाखला आताच काढून ठेव. तलाठी सापडत नाई मागून. फारम कवा निंगतात?"

"जूनमदी, रिझल्ट लागला का."

"मोबाईलवर भरा लागते का कागद नेऊन द्या लागते?"

"मोबाईलवर. फाट्यावर तो सेतूवाला भरून देते."

"त्याच्या दुकानात तू सोता जाजो संगं," काकू म्हणाल्या. "पोरीले एकटी नको पाठवू. तो ओळखीचा हाय."